साडेसहा इंची वूफरसाठी घरच्या घरी स्पीकरचा खोका

वूफर म्हणजे बास (खर्जाचा आवाज) वाजवणारा स्पीकर. तो बास पातळ किंवा घोगरा येतो तेव्हा दोष बहुतेक वेळा खोक्यात असतो. सांध्यातून हवा गळते, नाहीतर फळी स्वतःच थरथरते. नागपुरात त्यात हवामानाची भर पडते. मे महिन्यात फेविकॉल पसरवता पसरवता सुकतो आणि पावसाळ्यात एमडीएफच्या (दाबलेल्या लाकडी भुशाच्या बोर्डाच्या) कडा फुगतात.

एमडीएफ आवाजाला उत्तम; सगळीकडे सारखं घट्ट, आत पोकळी नाही. पण ज्या खोलीत उन्हाळाभर कूलर चालतो तिथे १८ मिमीचं बीडब्ल्यूआर, म्हणजे पाण्याला टिकणारं प्लायवूड (भारतीय मानक आयएस ३०३) घ्यावं. घेताना कडेकडून नीट पाहा. थरांत फट दिसली तर ती शीट नको, नंतर तिथूनच भुणभुण येते.

आतलं माप २०० × ३४० × २५० मिमी, म्हणजे १७ लिटर. वूफर, पोर्ट (हवा आत-बाहेर जाण्याचा पाइप) आणि आधारपट्टी वजा जाता साधारण १५ उरतात. कंपनीने वेगळं घनफळ सांगितलं असेल तर फक्त खोक्याची खोली, म्हणजे २५० मिमीचं माप बदला.

जोडीला ४ × ४ फुटांची अर्धी शीट पुरते. दुकानातच मशीनवर कापून घ्या, पण क्रम तुम्ही सांगा. आधी २५० मिमी रुंदीच्या दोन पट्ट्या, मशीनचं माप न हलवता. एका पट्टीतून एका खोक्याच्या ३७६ मिमीच्या दोन बाजू आणि २०० मिमीचे वर-खालचे दोन तुकडे निघतात. मग ३७६ मिमीची एक पट्टी, तिचे २३६ मिमीचे चार तुकडे: पुढच्या-मागच्या फळ्या. तुकड्यांमध्ये ब्लेडचे ३ मिमी धरायला विसरू नका. पट्ट्या वेगवेगळ्या वेळी कापल्या तर मिलिमीटरभर फरक पडतो आणि पुढची फळी कधीच सपाट बसत नाही.

बंद खोका की पोर्टचा? वूफरच्या माहितीपत्रकातल्या एफएसला (वूफरची स्वाभाविक कंपनसंख्या) क्यूईएसने (त्याच्या विद्युत आवराचा आकडा) भागा. उत्तर ५०च्या आसपास किंवा खाली आलं तर बंद, १००च्या जवळ आलं तर पोर्ट. सीताबर्डीच्या बाजारातून सुटा वूफर आणला आणि आकडे मिळालेच नाहीत, तर सरळ बंद खोका करा. चुकीच्या पोर्टने सगळा बास एकाच सुरात घुमतो. १५ लिटर आणि ५० हर्ट्झच्या ट्यूनिंगसाठी (ज्या सुराला पोर्ट घुमतो तो) आतून ५० मिमी व्यासाचा पीव्हीसी पाइप १२ सेमी लागतो, फळीची जाडी धरून. आधी १४ सेमी ठेवा आणि ऐकत ऐकत कापा. पाइप आखूड झाला की ट्यूनिंग वर सरकतं.

वूफरचं भोक कॅटलॉगवरून आखू नका, हातातला वूफर मोजा. भोक जिगसॉने कापल्यावर मागची कड कानसीने ४५ अंशांत उतरवा. १८ मिमी जाड फळीच्या सरळ भोकात कोनच्या (वूफरच्या हलणाऱ्या कागदी शंकूच्या) मागची हवा कोंडते.

जोडणी उन्हाळ्यात भल्या सकाळी करा, पंखा आणि कूलर बंद ठेवून. एका वेळी एकच सांधा. फेविकॉल दोन्ही बाजूंना लावा, गुण्याने काटकोन पाहा, क्लॅम्प आवळा. कडेने गोंदाचे बारीक थेंब सलग बाहेर आले तरच सांधा भरला. स्क्रू ४ × ४० मिमीचे. आधी ३ मिमीचं भोक पाडा आणि कोपऱ्यापासून ५० मिमी दूर राहा, नाहीतर प्लाय चिरतं. दोन बाजूंच्या मध्ये ४० मिमी रुंदीची आधारपट्टी लावा. ती बरोबर मधोमध नको, थोडी वर. मग बोटाच्या पेराने ठोका: "ढब" वाजलं तर पट्टी कमी पडली, "टक" वाजलं तर ठीक.

आतले सगळे सांधे फेविकॉल आणि लाकडाच्या भुशाच्या लगद्याने लिंपा. वूफरच्या कडेखाली आणि टर्मिनल प्लेटखाली (वायर जोडायची पट्टी) फोमची टेप लावा. गळती सर्वात जास्त इथेच सापडते. बंद खोक्यात उशीचा पॉलिएस्टर कापूस सैल भरा. पोर्टच्या खोक्यात तो फक्त भिंतींना, पाइपच्या तोंडापासून दूर.

दीड व्होल्टचा सेल वूफरला क्षणभर लावा. सेलचा प्लस प्लसला असताना कोन बाहेर यायला हवा. दोन्ही खोक्यांत तसंच. ८ ओहमचा ट्वीटर (उंच सुरांचा छोटा स्पीकर) असेल तर सिरीजमध्ये ४.७ मायक्रोफॅरडचा नॉन-पोलर कपॅसिटर लावा.

शेवटची तपासणी: पोर्ट असेल तर तो हाताने बंद करून कोन हळूच दाबा आणि सोडा. तो सावकाश परत आला तर खोका हवाबंद. झटकन आला तर साबणाचं पाणी सांध्यांवर लावून पुन्हा दाबा, बुडबुडा येतो ती फट. मोबाइलवरून ३० ते २०० हर्ट्झचा स्वीप (खालून वर सरकत जाणारा सूर) हळू आवाजात वाजवा. कुठे भुणभुण आली तर तिथे तळहात टेका. थांबली तर स्क्रू तिथलाच ढिला आहे. सगळं जमल्यावर कडांना सँडिंग सीलरचे दोन हात द्या आणि खोका कूलरच्या थेट झोतात ठेवू नका, वूफरचा कागदी कोनही ओल धरतो.