प्रोस्टेट कॅन्सरच्या ऑपरेशननंतर लघवीचा त्रास आणि पुढची ट्रीटमेंट : या चुका टाळा

ह्यांचं प्रोस्टेट काढून आता चौथं वर्ष चालू आहे. पहिल्या दीड वर्षात आम्ही ज्या चुका केल्या त्यातल्या निम्म्या तरी कुणीतरी आधी सांगितलं असतं तर टळल्या असत्या, म्हणून हे लिहितेय. मी डॉक्टर नाहीये, पण नळी (लघवी बाहेर काढायला बसवतात ते कॅथेटर), पॅड, पीएसए (प्रोस्टेटच्या पेशींतून रक्तात येणाऱ्या प्रथिनाची रक्ताची टेस्ट) आणि रेडिएशन हे सगळं घरात राहून बघितलंय.

सगळ्यात मोठी चूक आधी सांगते कारण बाकीच्या बऱ्याच तिच्यातूनच निघतात. लघवीचा त्रास आणि कॅन्सर या दोन गोष्टी एकच समजणं. लघवी गळतेय म्हणजे कॅन्सर परत आला असं नाही, आणि गळणं थांबलं म्हणजे कॅन्सर गेला असंही नाही. पॅड ओलं झालं की ह्यांचा चेहरा उतरायचा, "आतून परत काहीतरी चालू झालंय" म्हणायचे, आणि नंतर कोरडे राहायला लागल्यावर पीएसएची तारीख पुढे ढकलायला लागले, आता बरा झालोय ना मग कशाला टेस्ट. गळती हा ऑपरेशनच्या जागेचा प्रश्न आहे, कॅन्सरचा हिशोब पीएसए आणि बायोप्सीच्या रिपोर्टवरून होतो. आमच्या वहीत मी दोन्हीसाठी वेगवेगळी पानं केली तेव्हा कुठे डोकं शांत झालं.

गळतं का हे एकदा समजून घ्या. प्रोस्टेट मूत्राशयाच्या बरोबर खाली असतं आणि लघवीची नळी त्याच्यामधून जाते. ते काढताना वरचा आपोआप बंद होणारा झडपेसारखा भाग बराचसा जातो, मूत्राशयाचं तोंड खाली ओढून लघवीच्या नळीला टाके घालून जोडतात, आणि लघवी धरून ठेवायचं काम खालच्या एकट्या स्नायूवर येतं. खोकला, शिंक, खुर्चीतून उठणं, जड उचलणं, की पोटात दाब वाढतो आणि तो स्नायू हरतो. म्हणून ऑपरेशनच्या वेळी बसवलेली कॅथेटरची नळी काढल्यावर सुरुवातीला जवळजवळ सगळ्यांचंच गळतं. सुधारायला साधारण तीन महिने ते वर्ष लागतं, काहींना त्याहून जास्त. पंधरा दिवसांत "फेल गेलं ऑपरेशन" असं ठरवू नका, आणि दुसऱ्याच्या नवऱ्याचे किती पॅड लागतात त्याच्याशी तुलना तर अजिबात करू नका.

नळी असतानाच्या चुका

नळी साधारण एक ते दोन आठवडे असते. पिशवी कायम मूत्राशयाच्या खालच्या पातळीला हवी, झोपताना पलंगाच्या बाजूला खाली लटकवायची, उशाशी नाही. नळी मांडीला चिकटवलेली नसली की चालताना ओढ बसते आणि टोकाला जखम होते. मध्येच जोराची कळ येऊन नळीच्या बाजूने लघवी येणं हे मूत्राशय आखडल्यामुळे होतं, बऱ्याचदा होतं, पण त्याच वेळी पिशवीत काहीच उतरत नसेल तर आधी नळी कुठे दुमडलीय का बघा, आणि दुमडलेली नसेल तर गुठळी अडकलेली असू शकते, थांबायचं नाही, लगेच फोन.

आणि हे फार महत्त्वाचं : नळी चुकून बाहेर आली तर कुणालाही परत घालायला देऊ नका, जवळच्या नर्सला नाही, दुसऱ्या दवाखान्यातही "प्रोस्टेटचं ऑपरेशन अमुक दिवसांपूर्वी झालंय, आतला जोड ताजा आहे" हे सांगितल्याशिवाय नाही. आंधळेपणाने घातलेली नळी तो जोड उसवू शकते. ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना किंवा त्यांच्या टीमला गाठा. त्या दिवसांत एनिमाही विचारल्याशिवाय नको, जोडाच्या अगदी मागेच गुदाशय असतं.

व्यायाम चुकीचा करणं

किगलचा व्यायाम, म्हणजे लघवी धरून ठेवणाऱ्या स्नायूंचा, करा असं सगळे सांगतात, कसा ते कुणी नीट सांगत नाही. ह्यांनी दोन महिने मनापासून केला आणि फरक शून्य. मग फिजिओथेरपिस्टने पोटावर हात ठेवून करायला लावलं तेव्हा कळलं की हे पोट आणि ढुंगण आवळत होते आणि श्वास रोखून धरत होते, म्हणजे वरून दाब देऊन लघवी उलट बाहेरच ढकलत होते.

बरोबर पद्धत अशी. गॅस अडवताना आतून जसं ओढून घेतो आणि लघवी मध्येच थांबवताना जसं होतं तसं दोन्ही एकदम, पुढचा भाग आत आणि वर ओढला गेल्यासारखा वाटला पाहिजे. पोट, मांड्या, ढुंगण सैल. श्वास चालू. पाच सेकंद धरा, जमायला लागलं की दहापर्यंत न्या, आणि जेवढं धरलं तेवढाच वेळ पूर्ण सैल सोडा. सैल सोडणं लोक विसरतात आणि स्नायू थकून जातो. दहा वेळा, दिवसातून तीनदा, आधी झोपून मग बसून मग उभं राहून. दिवसाला दोनशे वेळा करून लवकर बरं होत नाही, उलट संध्याकाळी जास्त गळतं, आम्ही तेही करून बघितलंय.

खरा फायदा झाला तो एका साध्या सवयीने, उठायच्या आधी आवळा, शिंकायच्या आधी आवळा, बादली उचलायच्या आधी आवळा. नळी आत असताना मात्र हा व्यायाम करायचा नाही, आणि लघवी करताना मध्येच थांबवून रोजची प्रॅक्टिस पण करू नका, ओळखण्यापुरतं एखाद वेळेस ठीक.

पाणी कमी करणं, सारखं जाऊन येणं

गळतं म्हणून पाणी तोडलं की लघवी घट्ट होते, मूत्राशयाला झोंबते, लघवीची घाई वाढते, इन्फेक्शनही होतं. पाणी दिवसभरात थोडं थोडं प्या, झोपायच्या आधीचे दोन तास आवरतं घ्या. कमी करायचं तर चहा, कॉफी, कोला आणि दारू कमी करा. दुसरी सवय म्हणजे दर अर्ध्या तासाला "कशाला रिस्क" म्हणून जाऊन येणं. त्याने मूत्राशयाला थोड्याशा लघवीलाच कळ द्यायची सवय लागते. दर चार-पाच दिवसांनी मधली वेळ दहा-पंधरा मिनिटांनी वाढवत न्यायची. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका, कुंथल्याने सगळाच दाब खाली येतो.

धार बारीक झाली आणि आम्ही खूश झालो

ही आमची सगळ्यात महागात पडलेली चूक. चौथ्या महिन्यात पॅड एकदम कमी लागायला लागले. आम्हाला वाटलं सुधारतंय. धार बारीक झाली होती, जोर करावा लागत होता, वेळ लागत होता, पण गळत नव्हतं ना, म्हणून कुणाला बोललो नाही. एका रात्री लघवी पूर्ण बंद, ओटीपोट दगडासारखं, हे नुसते येरझारा घालतायत, घाम फुटलेला. जिथे मूत्राशय आणि लघवीची नळी जोडलेली असते तिथे व्रण घट्ट होऊन तोंड आकसलं होतं.

म्हणून सांगते, गळती कमी होताना धार चांगली असली पाहिजे. गळती कमी आणि धारही बारीक, तर ती सुधारणा नाहीये. याचंच दुसरं रूप म्हणजे मूत्राशय कधी नीट रिकामंच होत नाही आणि भरून वाहिल्यासारखं थेंब थेंब गळत राहतं, घरच्यांना वाटतं स्नायू कमजोर आहे. युरोफ्लो म्हणजे धारेची टेस्ट, आणि लघवी करून आल्यावर सोनोग्राफीत किती उरली ते बघणं, या दोन सोप्या गोष्टींनी कळतं. दुर्बिणीतून तोंड रुंद करून देतात. त्यानंतर काही दिवस गळती परत वाढू शकते, ते आधी माहीत असलं की माणूस खचत नाही, आणि काहींना ते पुन्हा आकसतं म्हणून धारेवर लक्ष ठेवत राहायचं.

यातच अजून एक, घरात उरलेल्या जुन्या प्रोस्टेटच्या गोळ्या आपल्या मनाने सुरू करू नका. त्यातल्या काही मूत्राशयाची मान सैल करतात, त्याने गळती वाढू शकते. आणि घाई कमी करणाऱ्या गोळ्या आत लघवी साठत असताना घेतल्या तर लघवी अडूही शकते.

गळू नये म्हणून लिंगाला बाहेरून चिमट्यासारखा क्लॅम्प लावत असाल तर रात्री लावून झोपायचं नाही आणि दिवसाही दीड-दोन तासांनी सोडायचा, रक्तपुरवठा अडतो. पॅड ओलं ठेवून बसू नका, कातडी सोलवटते.

थंडी वाजून ताप, लघवीत गुठळ्या, लघवी अडणं, एका पोटरीत दुखून सूज, अचानक धाप लागणं, यात सकाळ होईपर्यंत वाट बघायची नाही. ताप आला म्हणून मागच्या वेळच्या उरलेल्या अँटिबायोटिकच्या दोन गोळ्या घेणं पण नको, आधी लघवीचं कल्चर (जंतू वाढवून बघायची टेस्ट) द्या, नाहीतर जंतू कुठला ते रिपोर्टमध्ये येतच नाही.

पीएसएच्या चुका

प्रोस्टेट पूर्ण काढल्यावर पीएसए जवळजवळ शून्यावर यायला हवं, साधारण ०.१ च्या खाली. पहिली टेस्ट सहा आठवडे ते तीन महिन्यांत, मग सुरुवातीची वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी डॉक्टर सांगतील तशी. लॅब बदलू नका, कारण एक लॅब ०.१ पेक्षा कमी एवढंच लिहिते आणि दुसरी ०.०३ असं लिहिते, आणि घरी सगळे त्या तीनाकडे बघून रात्र काढतात. आम्ही काढलीय.

रिपोर्टवर छापलेली "नॉर्मल ४ पर्यंत" ही रेंज प्रोस्टेट असलेल्या माणसाची आहे. ०.६ आलं आणि समोर नॉर्मल लिहिलंय म्हणून फाइल बंद करणारी माणसं मी स्वतः वेटिंग रूममध्ये बघितलीयत, जीव तुटतो. ऑपरेशननंतर ०.२ किंवा जास्त आलं आणि परत केलेल्या टेस्टमध्येही तेच राहिलं तर कॅन्सर परत डोकं वर काढतोय असं धरतात. एका आकड्यावर घाबरू नका पण रिपीट टाळू पण नका.

ह्यांचं अठराव्या महिन्यात ०.२४ आलं, मग ०.३१. इथे आमची पुढची चूक होता होता वाचली. हे म्हणाले आत्ता कुठे कोरडा राहायला लागलोय, रेडिएशनने परत गळेल, वर्षभर थांबू. रेडिएशनच्या डॉक्टरांनी नीट समजावलं की ऑपरेशनच्या जागेवर द्यायचं रेडिएशन पीएसए कमी असताना, शक्यतो ०.५ च्या आत, जास्त चांगलं काम करतं. पीएसएमए पेट स्कॅन (प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशी शरीरात कुठे आहेत ते शोधणारा) केला, त्यात काही दिसलं नाही. तरी रेडिएशन दिलं, कारण एवढ्या कमी पीएसएला स्कॅनमध्ये न दिसणं म्हणजे काहीच नाही असं नसतं.

याची दुसरी बाजू पण आहे. ऑपरेशन झाल्या झाल्या "सगळ्यांनाच रेडिएशन देऊन टाका" असा हट्ट घरच्यांनी धरायची गरज नसते. मार्जिन (काढलेल्या भागाच्या कडेपर्यंत कॅन्सर आहे का), सेमिनल व्हेसिकल (प्रोस्टेटच्या मागच्या वीर्याच्या पिशव्या) आणि लिम्फ नोड (लसीका गाठी) यांत तो गेलाय का, ग्लीसन (कॅन्सर किती आक्रमक त्याचा आकडा), हे सगळं बघून ठरतं. बऱ्याच जणांत पीएसएवर बारीक लक्ष ठेवून वाढलं की लगेच देणं पुरतं आणि लघवीचे त्रासही कमी होतात, २०२० मध्ये आलेल्या मोठ्या ट्रायल्समधून हेच पुढे आलंय. आणि लघवीवर ताबा यायला थोडा वेळ मिळाला तर बरंच.

रेडिएशनच्या वेळी गळती लपवू नका. रोज मूत्राशय ठराविक भरलेलं आणि गुदाशय रिकामं हवं असतं. ज्याला लघवी धरताच येत नाही त्याने प्लॅनिंगच्या दिवशीच सांगायचं म्हणजे झेपेल असं माप ठरवतात. हे लाजेने बोलले नाहीत, चौथ्या दिवशी मशीनवरच ओलं झालं आणि रडले. तिथल्या टेक्निशियनने शांतपणे चादर बदलली आणि म्हणाला काका हे आम्ही रोज बघतो. सोबत पुरुषी हार्मोन कमी करणारं इंजेक्शन असेल तर अंगातून गरम वाफा, थकवा, स्नायू आणि हाडं कमजोर होणं हे होतं, म्हणून चालणं आणि थोडा वजनाचा व्यायाम सोडू नका. रेडिएशनला वर्षं उलटल्यावर कधी लघवीत रक्त दिसलं तर ते आतल्या अस्तरामुळेही असू शकतं पण घरी बसून ठरवू नका, दाखवा.

वर्षभर नीट व्यायाम करूनही पॅड सुटत नसतील तर "वयच झालं आता" म्हणून गप्प बसू नका. जायच्या आधी चोवीस तासांचे पॅड वजन करा, ओल्याच्या वजनातून कोऱ्याचं वजा, एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिली, डॉक्टरांना "बरंच गळतं" यापेक्षा हा आकडा हजारपट उपयोगी. कमी गळतीला स्लिंग (लघवीच्या नळीला खालून आधार देणारी पट्टी) बसवतात, जास्त असेल किंवा रेडिएशन झालं असेल तर कृत्रिम झडप, ज्यात अंडकोषाच्या पिशवीत छोटा पंप असतो आणि तो दाबून लघवी करायची. झडप बसवलेल्या माणसाच्या पाकिटात तसं लिहिलेलं कार्ड कायम हवं आणि घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं, कारण उद्या दुसऱ्याच कुठल्या आजारासाठी बेशुद्ध अवस्थेत ॲडमिट केलं आणि झडप उघड्या अवस्थेत लॉक न करताच कुणी नळी घातली तर ती आतली नाजूक जागा फाटू शकते.