झोरो, वेताळ, बॅटमनच्या जुन्या सीरियलची डिस्क घेताय? या चुका टाळा

झोरोची पहिली डिस्क मी मोठ्या हौसेने मागवली होती. कव्हरवर ‘झोरो राइड्स अगेन’ हे नाव, काळा मुखवटा, उधळलेला घोडा, सगळं जागच्या जागी. रात्री जेवणं आटोपून लावली आणि सत्तर मिनिटांच्या आत गोष्ट संपलीसुद्धा. माणसं मधूनच उगवत होती, कोण कुणाच्या मागे लागलंय याचा पत्ता नव्हता. मला वाटलं, जुन्या सीरियल अशाच असतील. बरीच वर्षं मी दुसरी बघितली नाही. दोष सीरियलचा नव्हता, डिस्कचा होता, आणि मी मिनिटं न मोजता ती घेतली होती.

सीरियल म्हणजे इथे टीव्हीवरची मालिका नव्हे. १९३० आणि ४० च्या दशकांत अमेरिकेतल्या थिएटरांत दर आठवड्याला एक भाग लागायचा, बहुतेक ठिकाणी शनिवारी दुपारी, पोरांच्या गर्दीत. एकूण १२ ते १५ भाग. पहिला भाग अर्ध्या तासाच्या आसपास, पुढचे पंधरा-वीस मिनिटांचे. रिपब्लिक, कोलंबिया आणि युनिव्हर्सल या कंपन्यांचा यात मोठा वाटा. नंतर याच भागांना कात्री लावून एकसंध सिनेमे काढले गेले. ‘झोरो राइड्स अगेन’ १९३७ची, पण तिचा सिनेमा निघाला १९५९ साली. १९३८च्या ‘द लोन रेंजर’चा दोनच वर्षांत ‘हाय-यो सिल्व्हर’ झाला. १९६६मध्ये तर रिपब्लिकच्या २६ सीरियल टीव्हीसाठी अशा कापल्या गेल्या, प्रत्येकी सुमारे १०० मिनिटांच्या. मारामाऱ्या राहिल्या, पण त्यांना अर्थ देणारे प्रसंग गेले.

म्हणून डिस्क घेण्याआधी दोनच आकडे बघा: भाग किती आणि एकूण मिनिटं किती. १९३९ची ‘झोरोज फायटिंग लीजन’ १२ भागांची आहे आणि पुरी साडेतीन तासांची. पाठीमागे १०० मिनिटं किंवा त्याहून कमी छापलं असेल, तर कव्हर कितीही देखणं असो, ती सीरियल नाही. पाच-दहा मिनिटांचा फरक असेल तर मात्र घाबरू नका. पाल या भारत-युरोपातल्या टीव्ही पद्धतीच्या डीव्हीडीत सेकंदाला २४ चौकटींचा सिनेमा २५ने पळतो, म्हणजे साडेतीन तासांत आठ-नऊ मिनिटं आपोआप कमी होतात. काही कापलेलं नसतं, आवाज तेवढा किंचित पातळ वाटतो.

नावावर विश्वास ठेवणं ही दुसरी चूक. ‘झोरोज ब्लॅक व्हिप’ (१९४४) मध्ये झोरो नाहीच! तिथे लिंडा स्टर्लिंग मुखवटा चढवून चाबूक चालवते. निराश होऊन बंद करू नका, फार छान काम केलंय तिने. आणि आपल्याला तर ती ओळखीची वाटायला हवी. मुखवटा आणि चाबूकवाली नादियाची ‘हंटरवाली’ परळच्या वाडिया मूव्हीटोनने १९३५ सालीच पडद्यावर आणली होती. तिथेच पुढे शांतारामबापूंचं राजकमल उभं राहिलं.

इंद्रजाल कॉमिक्समधल्या वेताळावर वाढलेल्यांनी जास्त सांभाळायचं. ‘द फँटम’ (१९४३, १५ भाग) ही टॉम टायलरची खरी वेताळ-सीरियल. १९५५ची ‘द अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ कॅप्टन आफ्रिका’ चित्रांत हुबेहूब वेताळ दिसते, कारण ती त्याचीच पुढची सीरियल म्हणून सुरू झाली होती. हक्क न मिळाल्याने नाव आणि पोशाख बदलावा लागला. १९४४च्या ‘कॅप्टन अमेरिका’त ढाल शोधू नका. इथे तो पिस्तूल बाळगणारा सरकारी वकील आहे.

१९४३च्या ‘बॅटमन’बद्दल सावध राहायला हवं. ती युद्धकाळातली आहे, खलनायक डॉ. डाका जपानचा हस्तक, आणि जपानी लोकांबद्दल त्यात जे बोललं जातं ते आज ऐकवत नाही. १९९०च्या सुमारास निघालेल्या व्हीएचएस कॅसेटमध्ये ते शब्द बदलून टाकले होते. २००५च्या सोनीच्या डीव्हीडीत ती मूळ रूपात आहे. माझं स्पष्ट मत: मूळच घ्या, पण मुलांसोबत बघणार असाल तर आधी त्यांच्याशी बोला. बदललेली प्रत बघून तो काळ कळत नाही.

‘द लोन रेंजर’ लावल्यावर खाली स्पॅनिश अक्षरं दिसली तर रिमोटशी झटापट करू नका. ही सीरियल अनेक वर्षं हरवल्यातच जमा होती, आणि हाती लागलेल्या प्रिंटवर ती अक्षरं कायमची छापलेली होती. ती जाणार नाहीत.

डिस्क चालतच नाही? डिस्क आणि प्लेअर जगाच्या ठराविक भागापुरते, म्हणजे ‘रीजन’पुरते बांधलेले असतात. अमेरिकेतली डीव्हीडी रीजन १ची असते, आपला प्लेअर रीजन ५चा. ब्लू-रेला तिकडे ए, इथे सी. मुलगा-सून परदेशातून आणणार असतील तर ‘ऑल रीजन’ लिहिलेलीच आणायला सांगा. कॉम्प्युटरच्या ड्राइव्हचा रीजन बदलता येतो, पण पाचच वेळा. नंतर तो तिथेच अडकतो.

चित्र चालतंय पण सगळे बुटके-जाडे दिसतात? टीव्ही ते ताणतोय. घोडागाडीचं चाक बघा. अंडाकृती दिसलं की सेटिंगमध्ये जाऊन ४:३ करा. दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतील, ते यायलाच हवेत.

जुन्या कॅसेट असतील तर पावसाळ्यानंतर कधीही थेट व्हीसीआरमध्ये घालू नका. कॅसेटच्या कडेची बारीक कळ दाबून झडप उचला आणि टॉर्चच्या उजेडात टेपच्या गुंडाळीची कड बघा. काळ्या रंगावर पिठासारखी पांढरी बुरशी दिसली तर ती कॅसेट बाजूला, वेगळ्या पिशवीत ठेवा. एक कॅसेट अख्ख्या मशीनचं हेड खराब करते आणि मग ती बुरशी पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. मुंबई-कोकणच्या हवेत माझ्या चार कॅसेट अशाच गेल्या.

सगळे भाग एका बैठकीत बघणं हीही चूकच. प्रत्येक भागाच्या सुरुवातीला मागचा शेवट पुन्हा येतो, त्यामुळे सलग बघताना कंटाळा येणारच. रोज एक भाग बघा, जमल्यास शनिवारी एक. गाडी दरीत कोसळताना नायक आतच होता, आणि पुढच्या भागात तो आधीच उडी मारताना दिसला, तर डिस्कमध्ये काही राहिलंय असं समजून परत करू नका. त्या काळी लेखक नायकाला असंच सोडवत, आणि थिएटरातली पोरं त्यावर मोठ्याने आरडाओरडा करत. तुम्हीही करा. सुरुवात ‘फायटिंग लीजन’च्या पहिल्या भागापासून करा, त्याचं नाव ‘द गोल्डन गॉड’. सोन्याच्या चिलखतातला खलनायक डॉन देल ओरो खरा कोण, याचा अंदाज एका कागदावर लिहून ठेवा आणि बारावा भाग संपेपर्यंत तो उघडू नका.