अमेरिकेतील ‘गिफ्टेड’ चाचणीसाठी लहान मुलाची तयारी ताण न देता कशी करावी

तयारीची सुरुवात शाळेकडे चौकशी करण्यापासून करावी. ‘गिफ्टेड’ म्हणजे विशेष बुद्धिमत्तेच्या मुलांना शाळेच्या खास कार्यक्रमासाठी निवडण्याबाबत अमेरिकेत देशभर लागू असा एकच नियम नाही. कोणाची, कोणत्या इयत्तेत आणि कोणती चाचणी घ्यायची हे राज्य आणि स्थानिक स्कूल डिस्ट्रिक्ट (त्या भागातील सरकारी शाळा चालवणारी संस्था) ठरवतात. त्यामुळे दुसऱ्या गावातील मैत्रिणीचा अनुभव आपल्या शाळेला लागू पडेलच असे नाही. नियम बदलतातही: न्यू यॉर्क शहरात चार वर्षांच्या मुलांची जी चाचणी घेतली जात असे, ती २०२१ मध्ये बंद झाली आणि तिच्या जागी शिक्षकांच्या शिफारशीवर आधारलेली पद्धत आली. चाचणी कोणती, कागदावर की संगणकावर, कोणत्या आठवड्यात, आणि मूल त्या दिवशी आजारी पडले तर पुढे काय, एवढे शाळेला ईमेल करून विचारावे. मुलाला कोणत्याही कारणाने विशेष सवलतींची गरज असेल, तर तेही याच वेळी कळवावे.

चाचणीचे स्वरूप आधी पालकांनी समजून घ्यावे. अनेक शाळांत ‘कोगॅट’ ही विचारक्षमता तपासणारी चाचणी वापरली जाते. तिचे भाषिक, संख्यात्मक आणि आकृतिबंधांचा असे तीन भाग असतात आणि प्रत्येक भागात तीन प्रकारचे प्रश्न असतात. लहान वर्गांसाठी प्रश्न चित्रांचे असतात आणि आवश्यक त्या सूचना मुलांना ऐकवल्या जातात. साधारण तिसरीपासून मात्र प्रत्येक प्रकारच्या प्रश्नांना १० मिनिटांची मर्यादा येते. ‘नॅग्लिएरी’ चाचणीत केवळ आकृत्यांचे ४८ प्रश्न ३० मिनिटांत सोडवायचे असतात. यांपैकी कोणतीही चाचणी पाठांतर तपासत नाही, आणि गुणांची तुलना त्याच वयाच्या मुलांशी होते. म्हणून महिनोन्महिने जाडजूड सरावपुस्तके सोडवून घेण्यात मला अर्थ दिसत नाही. मुलाला प्रश्नांचा साचा अनोळखी वाटू नये, एवढाच सरावाचा हेतू असावा.

हा परिचय घरातल्या वस्तूंनीच उत्तम होतो. ‘कोगॅट’मध्ये घडी घातलेल्या कागदाला भोक पाडून, तो उलगडल्यावर कसा दिसेल हे ओळखायला सांगतात. त्यासाठी मुलाच्या हातात खरा कागद द्यावा, घडी त्यालाच घालू द्यावी, भोक पाडून उलगडण्याआधी त्याचा अंदाज विचारावा आणि मग कागद उघडून पाहावा. हाताने चार-सहा वेळा केलेले नंतर चित्रात ओळखता येते. ठिपक्यांच्या रांगोळीचा अर्धा भाग आपण काढून उरलेला मुलाला पूर्ण करायला सांगितला, तर आकृतीतील क्रम आणि समतोल त्याला आपसूक दिसू लागतो. मणी ओवताना दोन, चार, सहा अशा माळा करून पुढची माळ किती मण्यांची हे विचारता येते. भाजी निवडताना गाजर, मुळा आणि बीट यांत सारखे काय, आणि त्यांच्या जोडीला बटाटा शोभेल की भेंडी, अशी चर्चा करावी. मूल ‘बटाटा, कारण तोही जमिनीखाली असतो’ म्हणाले काय किंवा रंगावरून वेगळेच उत्तर दिले काय, त्याने दिलेले कारण मनापासून ऐकावे.

ही चर्चा मराठीतच करायला काही हरकत नाही. चाचणी इंग्रजीत आहे म्हणून घरातली मराठी बंद करणारे पालक मुलाचा विचार करण्याचा मोकळा मार्गच अडवतात. वर्गीकरण, तुलना आणि कारण शोधणे ही कामे मूल ज्या भाषेत सहज करते, त्याच भाषेत त्याला करू द्यावीत. इंग्रजी शब्दांची ओळख गोष्टींच्या पुस्तकांतून होत राहील.

आठवड्यातून दोन-तीनदा, दहा-पंधरा मिनिटे पुरे. मूल कंटाळून उठले तर त्याला पुन्हा बसवू नये. ‘हे का निवडलेस?’ हा प्रश्न उत्तर बरोबर असतानाही विचारावा. तो फक्त चुकीच्या उत्तरानंतर आला, तर ‘का’ म्हणजे ‘चुकले’ असे मूल समजते आणि उत्तर द्यायलाच बिचकते. ‘कोगॅट’मध्ये चुकीच्या उत्तराचे गुण कापले जात नाहीत, म्हणून नक्की चुकीचे वाटणारे पर्याय बाजूला सारून उरलेल्यांतून एक निवडण्याची सवय लावावी.

मुलाला चाचणीबद्दल खरे, पण थोडक्यात सांगावे. ‘शाळेत बाई तुला चित्रांची कोडी देणार आहेत. काही सोपी असतील, काही मोठ्या मुलांनाही अवघड वाटतील अशी असतील. येईल तेवढे कर, आणि काय करायचे ते कळले नाही तर विचार,’ एवढे पाच-सहा वर्षांच्या मुलाला पुरते. ‘तू हुशार आहेस, तुला सगळे येईल’ हे वाक्य प्रेमाने म्हटलेले असले, तरी पहिल्याच अवघड प्रश्नाशी मुलाला आपण आई-बाबांना खोटे पाडत आहोत असे वाटू शकते.

मुलांना ताण बहुतेक वेळा मोठ्यांच्या बोलण्यातून लागतो. आजी-आजोबांच्या व्हिडिओ कॉलवर निवडीची चर्चा, दुसऱ्याच्या मुलीच्या पर्सेंटाइलचा उल्लेख, थोरल्या भावाशी तुलना, हे सारे मूल खेळता खेळता ऐकत असते. घरातील वडीलधाऱ्यांना आधीच विनंती करावी की मुलासमोर हा विषय नको. पोट दुखणे, झोप मोडणे किंवा शाळेला जायला नकार अशी लक्षणे दिसली, तर सराव पूर्ण थांबवावा आणि वर्गशिक्षिकेशी बोलावे.

आदल्या रात्री नेहमीच्या वेळी झोप, सकाळी नेहमीचाच नाश्ता. मुलाला ताप असेल तर चाचणीला न पाठवता शाळेला फोन करावा. घरी आल्यावर ‘कशी गेली?’ ऐवजी ‘कोणते कोडे मजेचे होते?’ असे विचारावे, आणि त्याला सांगायचे नसेल तर विषय सोडून द्यावा.

निकालाचे पत्र मूल झोपल्यावर वाचावे. ‘कोगॅट’च्या वयानुसार काढलेल्या गुणांत १०० ही सरासरी असते, तर पर्सेंटाइल म्हणजे समवयस्कांपैकी किती टक्के मुले मागे आहेत याचा निर्देश असतो, तो सोडवलेल्या प्रश्नांचा टक्का नव्हे. निवड झाली नसेल आणि मुलाची रोजची समज गुणांपेक्षा बरीच वेगळी वाटत असेल, तर फेरविचाराच्या अर्जाची किंवा पुन्हा चाचणीची सोय आहे का, त्याची मुदत कोणती, हे शाळेला विचारावे. पुन्हा चाचणी द्यायची झाली, तरी मधले महिने मुलाला चाचणीशिवायचेच जाऊ द्यावेत.