जुन्या गोव्यातलं संग्रहालय बघा वरच्या मजल्यापासून

घरी पाहुणे आले की आपण त्यांना जुन्या गोव्याला नेतो. बासिलिका दाखवतो, से कॅथेड्रलसमोर फोटो काढतो आणि जेवायच्या वेळेला परत पणजी गाठतो. सेच्या पलीकडे, असिसीच्या सेंट फ्रान्सिसच्या चर्चला लागून जुना मठ आहे. त्यात पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय आहे, १९६४ पासून. पुढच्या खेपेला दीड तास त्याच्यासाठी राखून ठेवा.

आधी वार बघा, शुक्रवारी ते बंद असतं. ३ डिसेंबरच्या सायबाच्या, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरच्या, फेस्ताचे आणि त्याआधीच्या नोवेनांचे (नऊ दिवसांच्या प्रार्थनांचे) दिवसही टाळा. फेस्ताला जरूर जा, पण त्या गर्दीत संग्रहालयातली चित्रं बघून व्हायची नाहीत. पणजीच्या कदंब स्टँडवरून जुन्या गोव्याची बस मिळते, अंतर दहाएक किलोमीटर. चर्चमध्येही डोकावणार असाल तर खांदे-गुडघे झाकतील असे कपडे घाला.

तिकीट काढून आत गेलात की खालच्या मूर्तींपाशी रेंगाळू नका. सरळ जिना चढा. सगळे खालून सुरुवात करतात आणि वर पोचेपर्यंत पाय दुखायला लागलेले असतात. मग वरची साठेक पोर्तुगीज गव्हर्नर आणि व्हाइसरॉय यांची चित्रं पाच मिनिटांत उरकली जातात.

या चित्रमालिकेची सुरुवात १५४७ च्या सुमाराची. जुवांव द कास्त्रो गव्हर्नर होता. आपल्याआधीच्या सगळ्यांची चित्रं हवीत, असं त्याच्या मनात आलं. गाश्पार कोरैया हा बखरकार त्यांतल्या बहुतेकांना प्रत्यक्ष ओळखत होता, त्याने चेहरे सांगितले आणि एका इथल्याच चित्रकाराने ते रंगवले. चित्रातल्या प्रत्येक माणसाचं नाव आणि घराण्याचं चिन्ह तिथे रंगवलेलं दिसेल. रंगवणाऱ्याचं नाव मात्र कुठेच नाही. मी तिथे गेलो की हेच डोक्यात घोळत राहतं.

सगळी चित्रं बघायचा हट्ट धरू नका. तीन निवडा. एक अफोन्सो द आल्बुकेर्कचं, गोवा जिंकणाऱ्याचं. लांब दाढीमुळे तो लगेच सापडतो. दुसरं वास्को द गामाचं. हा १५२४ मध्ये व्हाइसरॉय म्हणून आला आणि त्याच वर्षी कोचीला वारला. तिसरं तुमच्या मनाचं. आधी चार पावलं मागे उभं राहून अख्खा माणूस बघा, मग जवळ जा. चेहऱ्याआधी हात बघा: बोटं कशी काढलीत, काठी खरोखर धरलीय की नुसती चिकटवलीय. ही चित्रं पुढच्या काळात पुन्हापुन्हा रंगवली गेली. १९५० च्या दशकात काही लिस्बनला दुरुस्तीला नेली, तेव्हा एक्स-रेमध्ये रंगांचे थरावर थर निघाले. त्यामुळे चेहरा एका हातचा आणि बाही दुसऱ्या हातची वाटली तर तुमचे डोळे ठीक आहेत. तारखा पाठ करायची गरज नाही.

आता खाली या. पोर्तुगीज महाकवी कामोंइशचा ब्राँझचा उंच पुतळा दिसेल. तो आधी बाहेर उघड्यावर होता, १९८३ मध्ये आत आणला. त्याला एक प्रदक्षिणा पुरे.

खरा वेळ द्या वीरगळांना, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मारकशिळांना. वीरगळ खालून वर वाचायचा. तळाशी लढाई, मध्ये वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, माथ्यावर शिवलिंगाची पूजा, शेंड्याला चंद्रसूर्य. गोव्याच्या जुन्या कदंब राजांच्या काळातला, समुद्रावरच्या लढाईचा वीरगळ शोधून काढा. त्याच्यासमोर उकिडवं बसा, उभ्याने खालचा पट्टा दिसत नाही. मुलं बरोबर असतील तर त्यांना होडी शोधायला लावा आणि वल्ही मोजायला सांगा. झिजलेल्या दगडावर दोघांची मोजणी सहसा जुळत नाही, मग पुन्हा पहिल्यापासून मोजावं लागतं.