बैलाच्या आंगात वावर

पोळा आठ दिवसांवर आला की आर्णीतल्या माझ्या फ्लेक्सच्या दुकानात एकच मागणी असते: बैलाचा फोटो अन् खाली मंडळाची नावं. यंदा एक काका म्हणाले, "भाऊ, बैलाच्या आंगात माहं वावर दिसलं पाह्यजे." त्यांच्या मोबाइलात शेताचा फोटो होता, मागच्या दिवाळीतला फुटलेला कापूस. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागवताना डॉक्युमेंट म्हणून मागवा, नाहीतर बारीक होऊन येतो. ६ बाय ४ फुटांचा फ्लेक्स ७२ डीपीआयला (इंचाला ७२ ठिपके) ५१८४ बाय ३४५६ पिक्सेलचा होतो, बारीक फोटो एवढा ताणला की कापूस फाटतो, चौकोन-चौकोन दिसतो.

ह्यासाठी फोटोशॉपमध्ये क्लिपिंग मास्क लागतो, म्हणजे एका फोटोच्या आकारात दुसरा फोटो बसवायचा. आधी बैल उघडा. क्विक सिलेक्शनने (W दाबा) अंगावरून फिरवा, जास्तीचं ऑल्ट दाबून वजा करा. खरा वेळ शिंगांवर जातो. टोकं हे टूल खाऊन टाकतं, अन् पायांमधली फट भरून ठेवतं. शिंगं मी पेन टूलनेच काढतो, अर्धा तास गेला तरी चालेल, कारण बोथट शिंगांचा बैल गावात कोणी खपवून घेत नाही. हात बसवायचा असेल तर तान्ह्या पोळ्याच्या (पोरांच्या पोळ्याच्या) लाकडी नंदीवर बसवा, त्याच्या कडा स्वच्छ असतात.

सिलेक्शन झालं की कंट्रोल-जे. कापलेला बैल नव्या लेअरवर, म्हणजे वरच्या थरावर येतो, खालच्या मूळ फोटोसमोरचं डोळ्याचं चिन्ह बंद करा. आता वावराचा फोटो आणून बैलाच्या लेअरच्या बरोबर वर ठेवा. आकार खाली, चित्र वर. नवीन पोरं इथंच उलटं करतात अन् मग कापसाच्या चौकोनात बैल कापला जातो.

ऑल्ट दाबून धरा, लेअर पॅनलमध्ये दोन लेअरच्या मधल्या रेषेवर माउस न्या, खुणेचा आकार बदलला की क्लिक. किंवा वरचा लेअर निवडून ऑल्ट-कंट्रोल-जी. वरचा लेअर थोडा उजवीकडे सरकतो, त्याच्याजवळ खाली वळलेला बाण येतो, अन् वावर बैलाच्या अंगात जाऊन बसतं. ह्यालाच क्लिपिंग मास्क म्हणतात. फोटोशॉप नसेल तर ब्राउझरमधल्या फोटोपीआत हीच कळ चालते. गिंप ह्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये बैलाच्या लेअरवर 'अल्फा टू सिलेक्शन' करून वावराच्या लेअरला त्या सिलेक्शनचा लेअर मास्क लावायचा.

पण आता डोळा, वशिंड, सगळं कापसात बुडालं. बैलाच्या लेअरची एक प्रत काढून सगळ्यात वर ओढा, ब्लेंड मोड मल्टिप्लाय, ओपॅसिटी (लेअरचा गडदपणा) तीस-चाळीस टक्के. पांढरं नाहीसं होतं, सावल्या राहतात, बैल परत बैल दिसतो. मागे गडद हिरवा रंग भरा. पांढऱ्या फ्लेक्सवर पांढरा कापूस म्हणजे कडाच दिसत नाहीत.

पीएसडी, म्हणजे लेअर शाबूत ठेवणारी फोटोशॉपची फाइल, ठेवाच. मागे एकदा मी सगळे लेअर एकत्र करून नुसतं जेपीजी ठेवलं होतं अन् शिंगं पुन्हा कापली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच काका आले. "भाऊ, हा तुकडा धुऱ्यापलीकडचा निघाला. वाटणीत धाकट्याले गेला. आपलं दाखवा."

फोटो रुंद होता, बाकीचं वावर मास्कखाली जसंच्या तसं होतं. कंट्रोल-टी दाबलं, फोटो डावीकडून उजवीकडे ओढला, धुरा, म्हणजे शेताचा बांध, शेपटीमागे गेला.

"हो, हे माहं," काका म्हणाले.