बगळा जळला, पाणकावळा काळाठिक्कर: उजेड नडतो तेव्हा पक्ष्यांचे फोटो कसे काढायचे

भिगवणला, उजनी धरणाच्या पाण्यावर, पहिल्यांदा गेलो तेव्हा तीनेकशे फोटो मारून आलो आणि घरी लॅपटॉपवर बघतो तर काय, बगळे सगळे चुन्यात बुडवून काढल्यासारखे, एकाच्याही पिसात रेष दिसेना, आणि पाणकावळे म्हणजे नुसते कोळसे. आधी लेन्सला शिव्या घालून झाल्या, मग कळलं की घोळ कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरचा आहे.

मीटरला बगळा वगैरे काही कळत नाही हो, त्याला फक्त फ्रेममधे उजेड किती एवढंच कळतं, आणि तो सगळं ओढून मधल्या राखाडीवर आणायला बघतो. काळपट पाण्यावर पांढरा बगळा असला की त्याला वाटतं इथे अंधार आहे, तो एक्स्पोजर चढवतो आणि बगळा बर्न, म्हणजे नुसता पांढरा डाग, तपशील गायब. पांढुरक्या आभाळासमोर घार आली की बरोबर उलटं, त्याला वाटतं उजेड फार झाला, मग घार काळी. म्हणून काळपट बॅकग्राउंडवर पांढरा पक्षी असेल तर एक्स्पोजर कंपेन्सेशन (मीटर म्हणतो त्यापेक्षा फोटो गडद किंवा उजळ करायचं सेटिंग) उणे १ च्या आसपास, आणि आभाळासमोरचा पक्षी असेल तर अधिक १ ते अधिक २. आभाळ पांढरंफटक पडलं तर पडू दे, आपल्याला घारीच्या पोटाखालची पिसं हवीत.

पण उडत्या पक्ष्याला हे पुरत नाही. नदी सुरय आत्ता पाण्यावर आहे, दोन सेकंदात त्याच्यामागे काठावरची झाडी येते, मग आभाळ. ऊन तेच, पक्षी तोच, त्याच्या पाठीवर पडणारा उजेडही तेवढाच, पण मीटर दर वेळी वेगळं काहीतरी सांगतो आणि तुम्ही डायल फिरवत बसता. ऊन स्थिर असेल तर सरळ फुल मॅन्युअल करा, म्हणजे शटर, अ‍ॅपर्चर सगळं आपणच ठरवायचं, आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) पण फिक्स. सूर्य चांगला वर आलाय, पाठीशी आहे, आभाळ स्वच्छ आहे असं असेल तर अ‍ॅपर्चर एफ/८, शटर १/१६००, आयएसओ ४०० इथून सुरुवात करा, पांढरा पक्षी असेल तर शटर १/२५०० किंवा १/३२०० पर्यंत न्या. जवळच्या एखाद्या बगळ्यावर टेस्ट शॉट घ्या, हायलाइट वॉर्निंग (बर्न झालेला भाग स्क्रीनवर लुकलुकतो ती) ऑन ठेवा, बगळ्याची पाठ लुकलुकायला लागली की शटर अजून थोडं वेगवान करा. मग मागे काहीही येऊ दे, सेटिंगला हात लावायचा नाही. ढग येत-जात असतील तेव्हा मात्र हा हट्ट नको, ऑटो आयएसओ आणि कंपेन्सेशनच बरं.

होडीत बसतानाच नावाड्याला सांगा, दादा, सूर्य पाठीला राहील अशी घ्या. कुंभारगाव-डिकसळची ही मंडळी रोज पाण्यावर असतात, त्यांना सांगावं लागतं फक्त तुम्हाला फोटो कुठल्या बाजूने हवाय ते. फ्लाइट शॉटसाठी रोहितांचा (फ्लेमिंगोंचा) थवा उठवायला मात्र सांगू नका, कोणी आपणहून उठवतो म्हणाला तरी नको म्हणा. सूर्य समोरच असेल तर तपशिलाचा नाद सोडा, कंपेन्सेशन उणे १ किंवा उणे २ करून सिलुएट, म्हणजे नुसती काळी आकृती, घ्या, फक्त दोन रोहितांच्या माना एकमेकांवर येणार नाहीत एवढं थांबा, नाहीतर सगळा गुंता दिसतो.

ऊन तापलं की पाण्यावर हवा थरथरायला लागते, लांबचा पक्षी फोकस होऊनही मऊच येतो, आणि याला लाखाची लेन्ससुद्धा काही करू शकत नाही. एकतर जवळ असेल तोच पक्षी घ्या नाहीतर सरळ काठावर येऊन चिलापी मासा खा.

सिंहगडच्या दरीत वेगळाच ताप. तिथे उजेड नाही असं नाही, तो ठिपक्या-ठिपक्यांनी सांडलेला असतो. स्वर्गीय नर्तकाचा पांढरा नर अर्धा कवडशात आणि अर्धा सावलीत बसला की एकाच फ्रेममधे शेपटी बर्न आणि डोकं गायब. कितीही नीट एक्स्पोज करा, असा फोटो जमत नाही, म्हणून पक्ष्यामागे धावायचं नाही, पूर्ण सावलीतली एक फांदी हेरायची जिथे तो परत-परत येतो, तिच्यावर आधीच सेटिंग करून गप बसायचं. बसलेल्या पक्ष्याला १/२०० चालतं, पण बर्स्ट मारा, म्हणजे सलग फटाफट फोटो, आठ-दहातला एखादा शार्प निघतो. आधाराला बीनबॅग घ्या, मी जुन्या जीन्सचा पाय शिवून त्यात मूग भरलेत (आधी तांदूळ भरलेले, एका पावसात असा कुबट वास सुटला की विचारू नका). झाडीतून येणाऱ्या उजेडाने सगळं हिरवट दिसतं, म्हणून रॉमधे (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमधे) काढा आणि व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगाची छटा, घरी बघा.

आयएसओला घाबरून फोटो काळा काढू नका. ८०० वर अंधारा काढून एडिटमधे दोन स्टॉप (म्हणजे चौपट) उजळ केला तरी नॉइज (दाणेदारपणा) साधारण तेवढाच येतो जेवढा ३२०० वर नीट काढलेल्यात आला असता, कधीकधी जास्तच, वर सावलीतले रंग मळकट होतात ते वेगळं.