पक्षी पडलेला दिसला तर: मुंबई-पुण्यासारख्या शहरांत राहणाऱ्यांसाठी

मे-जूनमध्ये सोसायटीच्या आवारात कावळ्याचं पिल्लू जमिनीवर बसलेलं दिसतं आणि कोणी जवळ गेलं की दोन कावळे डोक्यावर झडप घालतात. मग कोणीतरी दया येऊन ते उचलतं, खोक्यात ठेवतं, चमच्याने दूध पाजतं, आणि दुसऱ्या दिवशी पिल्लू गेलेलं असतं. मुळात त्याला काही झालेलंच नव्हतं. शहरात ‘वाचवलेल्या’ पिल्लांपैकी बऱ्याच जणांना माणसाची गरज नसते, म्हणून हात लावण्याआधी दोन मिनिटं नुसतं बघायचं.

अंगभर पिसं, शेपूट आखूड, बोटावर किंवा फांदीवर नीट पकड, टुणटुण उड्या: हे उडायला शिकणारं पिल्लू. बुलबुल, साळुंकी, दयाळ, कावळा यांची पिल्लं नीट उडता येण्याआधीच घरट्याबाहेर पडतात आणि पुढचे काही दिवस आईबाप त्यांना झुडपात, जमिनीवर भरवतात. रस्त्यात किंवा मांजराच्या वाटेवर असेल तर उचलून जवळच्याच दाट झुडपात किंवा हाताला येईल त्या फांदीवर ठेवा आणि १५-२० पावलं मागे जा. माणूस समोर उभा असेपर्यंत आईबाप खाली उतरत नाहीत. तासभर लांबून लक्ष ठेवा.

उघडं, कातडी दिसणारं, डोळे मिटलेलं पिल्लू मात्र घरट्यातलंच. अंग गार लागलं तर आधी दोन्ही हातांच्या ओंजळीत धरून ऊब द्या, मग घरट्यात परत ठेवा. माणसाचा वास लागला की आई टाकून देते, हा गैरसमज आहे, बिनधास्त ठेवा. घरटंच पडलं असेल तर तळाला भोकं असलेली छोटी टोपली घ्या, त्यात सुकं गवत किंवा नारळाचा काथ्या भरा आणि त्याच झाडावर, सावलीत, मांजर पोचणार नाही अशा उंचीवर घट्ट बांधा. पावसाळ्याआधी फांद्या छाटायला माणसं येतात तेव्हा अशी घरटी हमखास पडतात. छाटणीची तारीख कळली की आधी झाड खालून नीट न्याहाळा आणि घरटं असलेली फांदी पिल्लं उडेपर्यंत ठेवायला सांगा.

आता खरोखरच मदत लागते असे पक्षी: रक्त येतंय, पंख लोंबतोय, मान वाकडी आहे, जवळ गेलं तरी हलत नाही, किंवा मांजराने तोंडात धरला होता. मांजराच्या बाबतीत जखम दिसली नाही तरी डॉक्टरकडे न्यायलाच हवं. सुईएवढ्या दाताच्या भोकातून जंतू आत जातात आणि औषध मिळालं नाही तर पक्षी एक-दोन दिवसांत दगावतो.

पकडायची रीत सगळ्यांना सारखीच. मागून जा, जुनी चादर किंवा टी-शर्ट डोक्यासकट अंगावर टाका, पंख अंगाला लावून दोन्ही हातांनी उचला. छाती आवळू नका. पक्ष्याला श्वास घेताना छातीचं हाड पुढेमागे हलवावं लागतं, ते दाबलं की हातातच गुदमरतो. घार किंवा घुबड असेल तर चोचीपेक्षा पायांना जपा, नख्या तळहातात आरपार जातात. बगळा किंवा ढोकरी असेल तर ती थेट डोळ्यावर चोच मारते, म्हणून चेहऱ्यापासून लांब धरा, चष्मा असेल तर घाला.

खोकं पुठ्ठ्याचंच हवं. चिमणी-बुलबुलाला बुटांचं, घारीला किराण्याचं मोठं. पिंजऱ्यात पक्षी जाळीवर धडका घेतो आणि पिसं मोडून घेतो. पक्षी आत ठेवायच्या आधीच बाजूंना पेन्सिलीच्या जाडीची आठ-दहा भोकं पाडा, तळाला सुती कापड घाला. टर्किशचा टॉवेल नको, त्याच्या धाग्यात नखं अडकतात. झाकण बंद, खोलीत शांतता, पंखा बंद. पाच-पाच मिनिटांनी उघडून बघणं आणि मुलांना दाखवणं टाळा, घाबरूनही पक्षी मरतो. काचेवर आपटून भोवळ आलेल्या पक्ष्याला अनेकदा एवढंच पुरतं. तासा-दोन तासांनी खोकं मोकळ्यावर नेऊन झाकण उघडा. सरळ उडाला तर काम झालं, कलंडला तर दवाखाना.

चोचीत पाणी ओतू नका. श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मुळाशीच असतं, ओतलेलं पाणी सरळ फुप्फुसात जातं. उन्हाने खाली आलेली घार शुद्धीवर येऊन उभी राहिली की उथळ ताटलीत पाणी समोर ठेवा, ती स्वतः पिईल. दूध, पाव, भात काहीही नाही. जखमेवर हळद, तेल, मलमही नाही. तेलकट पिसं उडायला निरुपयोगी होतात. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड पाच मिनिटं हलकं दाबून धरा, बस.

संक्रांतीच्या आसपास मांजाचे जखमी येतात, आणि झाडांत अडकलेला दोरा पुढे कित्येक महिने पक्षी कापत राहतो. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, तरी तो मिळतोच, याची मनापासून चीड येते. मांजा बहुतेक वेळा पंखाच्या पुढच्या कडेला बसतो, जिथे खांद्यापासून मनगटापर्यंत पातळ कातडी ताणलेली असते. त्या कडेतून जाणारा स्नायुबंध तुटला की पंख पुन्हा पूर्ण उघडत नाही. म्हणून दोरा कधीही ओढायचा नाही. ओढला की करवतीसारखा आणखी आत जातो. जखमेच्या दोन्ही बाजूंना चार-चार बोटं दोरा सोडून कात्रीने कापा, आतला तसाच राहू द्या, पंख अंगाला लावून कापडात सैल गुंडाळा आणि निघा. पक्षी विजेच्या तारेला किंवा उंच फांदीला लटकला असेल तर काठी, बांबू काही लावू नका. १०१ वर अग्निशमन दलाला कळवा.

गव्हाणी घुबड दिवसा खिडकीत किंवा डक्टमध्ये दिसलं आणि भोवती कावळ्यांचा गोंगाट असेल, तर बहुधा ते फक्त लपायला आलंय. पडदा ओढा, संध्याकाळपर्यंत तसंच राहू द्या; अंधार पडला की जातं. त्याचा फोटो इमारतीच्या नावासकट ग्रुपवर टाकू नका. दिवाळीच्या सुमारास जादूटोण्यासाठी घुबडं पकडली जातात, आणि पत्ता देणारे आपणच असतो.

एकाच जागी बरेच कावळे मेलेले दिसले तर हात न लावता पालिकेला किंवा पशुसंवर्धन विभागाला कळवा. जानेवारी २०२१ मध्ये राज्यात बर्ड फ्लू आढळला तेव्हा कावळ्यांचेही नमुने तपासले गेले होते.

वनविभागाची हेल्पलाइन १९२६. मुंबईत परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय जनावरांवर उपचार करतं, तिथे पक्षीही घेतात. नागपुरात सेमिनरी हिल्सला वनविभागाचं उपचार केंद्र आहे. पोपट, मुनिया, घार, घुबड बरं होईपर्यंत घरी ठेवू म्हटलं तरी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तो गुन्हा ठरू शकतो, म्हणून त्याच दिवशी सोपवा. रिक्षाने न्या, खोकं मांडीवर धरा, गाणी बंद करायला सांगा. दुचाकीवर पिशवीत लटकवून नेऊ नका. सोपवताना पक्षी कुठे, किती वाजता आणि कशा अवस्थेत सापडला ते चिठ्ठीवर लिहून द्या, कारण बरा झालेला पक्षी शक्यतो त्याच भागात सोडायचा असतो.